मुंबई ते नेवार्क : अंतर तेच, मग जाण्या-येण्याचा वेळ वेगळा का?

कर्वेरस्ता (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

येत्या ऑक्टोबरच्या अखेरीस माझे आई-वडील पुण्याहून न्यू जर्सीला धाकट्या बहिणीकडे जाणार आहेत आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात परत येणार आहेत. मुंबई ते नेवार्क असे थेट विमान आहे. वडिलांची सारी नोकरी मोजणी खात्यात गेली असल्यामुळे अंतराचा आकडा नेमका कळल्याशिवाय त्यांचे समाधान होत नाही. त्यांच्या प्रश्नांची उत्तरे मला पुरेशी देता आली नाहीत, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिला प्रश्न अंतराचा. एका संकेतस्थळावर हे अंतर १२,५५० आहे, दुसऱ्यावर १२,५६५ आणि तिसऱ्यावर चक्क ६,७८५. शिवाय विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर याच विमानाने एका दिवशी प्रत्यक्ष कापलेले अंतर तेरा हजार किलोमीटरच्या वर दिसते. यांतले खरे कोणते मानावे?

दुसरा प्रश्न वेळेचा. जाताना विमान रात्री १:३० ला सुटते आणि त्याच तारखेला सकाळी ७:४० ला पोहोचते. साडेनऊ तासांचा फरक मिळवला की १५ तास ४० मिनिटे होतात. परतीच्या तिकिटावर मात्र प्रवासाचा काळ १४ तास छापला आहे. वाट तीच असताना पावणेदोन तासांच्या जवळपास फरक कशामुळे पडतो?

तिसरा प्रश्न त्यातूनच निघाला. परतीचे विमान नेवार्कहून दुपारी १२:०० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३० ला मुंबईत उतरते. साडेनऊ तास वजा केले तर १५ तास उरतात, १४ नव्हे. तिकीट चुकले आहे की काय, अशी शंका वडिलांना येत आहे.

जाणकारांनी सविस्तर लिहावे. दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यामुळे प्रवासाबद्दलच्या सूचनांचेही स्वागत आहे.

---

गोलार्ध

तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. तिसरा आकडा सागरी मैलांत आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ६,७८५ ला त्याने गुणले की १२,५६५ च मिळतात. विमान आणि जहाज चालवणारे आजही सागरी मैलच वापरतात, कारण अक्षांशाची एक कला (अंशाचा साठावा भाग) म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, असा त्याचा पृथ्वीच्या मापाशीच सांधा आहे.

पहिल्या दोन आकड्यांतला पंधरा किलोमीटरचा फरक पृथ्वीच्या आकाराचा आहे. पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा निखळ गोल धरला की १२,५५० च्या आसपास उत्तर येते. प्रत्यक्षात ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवाशी ६,३५७ किलोमीटर भरते. हा चपटेपणा हिशेबात घेतला की १२,५६५ येतात. आपल्या वडिलांना हे सांगितले तर लगेच पटेल, कारण मोजणीच्या क्षेत्रातल्या माणसाला लंबगोलाची ओळख असते.

विमानतळ कोणता धरला आहे, हेही पाहावे. पुष्कळ लोक सरसकट 'मुंबई–न्यू यॉर्क' म्हणून जॉन एफ. केनेडी विमानतळाचे अंतर देतात. नेवार्क त्याच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे तिथेही पंधरा-वीस किलोमीटर इकडेतिकडे होतात.

---

नकाशेवाला

गोलार्ध यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी. मुलाच्या शालेय नकाशासंग्रहात मुंबई आणि न्यू यॉर्क यांना पट्टीने जोडले तर रेघ सौदी अरेबिया, इजिप्त आणि अल्जीरियाचे वाळवंट यांवरून जाऊन अटलांटिक ओलांडते. कित्येक जण त्यालाच सर्वांत जवळची वाट समजतात. मर्केटरच्या १५६९ सालच्या पद्धतीने काढलेल्या नकाशावर ही रेघ म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून जाण्याचा मार्ग असतो. नाविकांसाठी तो फार सोयीचा होता, पण लांबीच्या दृष्टीने तोट्याचा. मी हिशेब करून पाहिला. त्या वाटेने गेल्यास सुमारे १४,२०० किलोमीटर पडतात. म्हणजे साधारण १,६५० किलोमीटर जास्त, सरळ सरळ पावणेदोन तासांचे उड्डाण वाया.

खरी जवळची वाट पाहायची असेल तर घरात पृथ्वीगोल काढावा. नसल्यास अप्पा बळवंत चौकात शालेय साहित्याच्या दुकानात मिळेल, तीस सेंटीमीटर व्यासाचा घेतल्यास उत्तम. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरावे, दुसरे न्यू यॉर्कवर आणि मग दोरा हळूहळू ताणावा. ताण वाढेल तसा दोरा आपोआप उत्तरेकडे सरकत जातो आणि एका जागी स्थिर होतो. त्या वेळी त्याच्याखाली जी गावे येतात ती पाहून पहिल्यांदा कोणीही थक्कच होईल. क्वेट्ट्याच्या आसपासचा प्रदेश, मग अफगाणिस्तान आणि तुर्कमेनिस्तान यांची सीमा, अरल समुद्राच्या पश्चिमेचे कोरडे पठार, जवळजवळ मॉस्को, सेंट पीटर्सबर्गच्या थोडे दक्षिणेला, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचे दक्षिण टोक, लॅब्राडोरचा किनारा आणि शेवटी वरून खाली न्यू यॉर्क. मुंबई १९ अंशांवर आणि न्यू यॉर्क ४१ अंशांवर असूनही मधली वाट जवळजवळ ६५ उत्तर अक्षांशापर्यंत चढते. मुंबईहून निघताना विमानाचे नाक पश्चिमेकडे नव्हे, तर उत्तरेकडून थोडे पश्चिमेला वळलेले असायला हवे.

यालाच बृहद्वृत्त म्हणतात. आपले १२,५६५ किलोमीटर म्हणजे या दोऱ्याची लांबी.

---

सिंहगडपायथा

दोऱ्याचा प्रयोग मुलीबरोबर आत्ताच केला. दोरा मॉस्कोवरून जातो हे तिला कितीतरी वेळ पटेना, तिने तीनदा स्वतः ताणून पाहिला. नकाशेवाला, मनापासून आभार.

---

औंधकर

अंतराचे समजले. वेळेच्या फरकाचे कारण मला तरी सोपे वाटते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. अमेरिकेहून भारताकडे येताना विमान पृथ्वीच्या फिरण्याच्या दिशेनेच येते, त्यामुळे त्याला मदत होते. जाताना उलट. यात वाऱ्याचा फारसा संबंध नसावा.

---

वाऱ्याचा_वेध

औंधकर, आपल्या मताशी सहमत होता येत नाही, आणि हा समज फार पसरलेला असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

विषुववृत्तावरचा बिंदू पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असतो. पण त्याच्यावरची हवाही त्याच्याबरोबर जाते आणि धावपट्टीवर उभे असलेले विमानही. डेक्कन क्वीनच्या डब्यात चेंडू वर उडवला तर तो मागच्या डब्यात पडत नाही, आपल्याच हातात येतो, तसेच हे आहे. नुसत्या फिरण्याने मदत किंवा अडथळा होत असता, तर फरक पावणेदोन तासांचा नव्हे, कितीतरी मोठा पडला असता.

फिरण्याचा संबंध आहे, पण आडवळणाने. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढून ध्रुवांकडे निघते. पृथ्वी फिरत असल्यामुळे ती उत्तर गोलार्धात उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे वळते. त्यातून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद, वेगवान झोत तयार होतात. त्यांना इंग्रजी नावावरूनच आपण जेट प्रवाह म्हणतो. विमाने उडतात तीही नेमकी याच उंचीवर. या झोतांचा वेग ताशी शंभर-दीडशे किलोमीटर ही नित्याची गोष्ट आहे, हिवाळ्यात तो अडीचशेच्याही वर जातो. हिवाळ्यात त्याची एक शाखा हिमालयाच्या दक्षिणेला, थेट उत्तर भारतावरून वाहते. म्हणजे मुंबईहून वायव्येकडे निघालेल्या विमानाला थोड्याच वेळात तिचा सामना करावा लागतो.

या वाऱ्यांचा पद्धतशीर अभ्यास प्रथम जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी तातेनो येथील वेधशाळेत १९२० च्या दशकात केला. हवेत फुगे सोडून ते दुर्बिणीने त्यांचा माग काढत. जगभर वाचला जावा म्हणून त्यांनी १९२६ साली आपला अहवाल एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत प्रसिद्ध केला आणि त्यामुळेच तो फारसा कोणी वाचला नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकी बाँबफेकी विमानांना हे वारे अनुभवावे लागले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले.

वाऱ्याची ताकद किती असते याचे अलीकडचे उदाहरण द्यायचे तर, फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यू यॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. जमिनीच्या सापेक्ष त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरीही त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण भोवतालच्या हवेच्या सापेक्ष ते नेहमीच्याच वेगाने उडत होते.

---

औंधकर

आपले विवेचन पटले, पण एक शंका राहते. जाताना वाऱ्याने जितका वेळ खाल्ला, तितकाच येताना परत मिळतो. मग एकूण हिशेब बरोबरीत सुटायला हवा ना?

---

गोलार्ध

बरोबरीत सुटत नाही. आकडे मांडून पाहू. समजा अंतर १२,५०० किलोमीटर आणि हवेतील वेग ताशी ९००. वारा नसेल तर एका बाजूला १३ तास ५३ मिनिटे, दोन्ही मिळून २७ तास ४६ मिनिटे. आता सबंध वाटेवर सरासरी ताशी १०० किलोमीटरचा वारा धरा. जाताना वेग ८००, म्हणून १५ तास ३७ मिनिटे. येताना वेग १,०००, म्हणून साडेबारा तास. बेरीज २८ तास ७ मिनिटे. एकवीस मिनिटे जास्तच गेली. उलट्या वाऱ्यात विमान अधिक काळ अडकून पडते आणि सुलट्या वाऱ्याचा लाभ कमी काळ मिळतो, हे त्याचे कारण.

जाताना १५:४० आणि येताना १४:०० या धागाकर्त्यांच्या आकड्यांवरून उलटे गणित केले, तर सबंध वाटेवरच्या वाऱ्याची सरासरी ताशी पन्नास किलोमीटरच्या जवळपास निघते. मधल्या हजारो किलोमीटरांवर वारा मंद किंवा आडवा असतो, हे लक्षात घेता ती रास्त आहे.

---

मुळाकाठ

वाऱ्याचा विषय निघाला आहे म्हणून एअर इंडियाच्या एका निर्णयाची आठवण करून देतो. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान पूर्वी अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते प्रथमच उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून नेले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे अटलांटिकच्या वाटेपेक्षा जवळपास १,४०० किलोमीटर लांब होती. तरीही साडेचौदा तासांत विमान पोहोचले, आधीपेक्षा दोनेक तास लवकर. पाठीवर वारा घेऊन चौदाशे किलोमीटर जास्त जाणे परवडले.

म्हणजे 'किती किलोमीटर' या प्रश्नाच्या उत्तरावरून 'किती तास' हे सांगताच येत नाही. मला ही सर्व चर्चेतली सर्वांत मोलाची बाब वाटते.

---

उड्डाणपत्रक

मी एका विमान कंपनीत उड्डाण नियोजनाचे काम अनेक वर्षे केले आहे. वरचे प्रतिसाद उत्तम आहेत. प्रत्यक्ष उडालेले अंतर १२,५६५ वरून तेरा हजारांच्या वर का जाते, हा पहिल्या प्रश्नाचा भाग राहिला आहे, म्हणून लिहितो.

प्रत्येक उड्डाणाआधी काही तास संगणकावर त्या दिवशीचा मार्ग ठरतो. हाती येणाऱ्या उड्डाण आराखड्याची कितीतरी पाने असतात. वाटेवरचा एकेक बिंदू, तिथली उंची, वाऱ्याची दिशा आणि वेग, तापमान, तिथे पोहोचण्याची वेळ आणि टाकीत तेव्हा किती इंधन शिल्लक असावे, हे ओळीने छापलेले असते. वैमानिक प्रत्येक बिंदूवर पोहोचला की प्रत्यक्षातले इंधन आराखड्याशी ताडून पाहतो. हा मार्ग काढताना कमीत कमी अंतराला महत्त्व नसते, कमीत कमी खर्चाला असते. वारा सोयीचा असेल तर दोनशे-चारशे किलोमीटरचा वळसा आम्ही आनंदाने घेतो.

अटलांटिकवर तर रोजच्या वाऱ्यानुसार मार्गच नव्याने आखले जातात. कॅनडातील गँडर आणि ब्रिटनमधील शॅनविक ही नियंत्रण केंद्रे दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी आणि रात्री पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी समांतर मार्ग जाहीर करतात. जाणारी विमाने झोत टाळतात, येणारी त्याच्यावर स्वार होतात. म्हणून 'वाट तीच' हे धागाकर्त्यांचे गृहीतकच बहुतेक दिवशी लागू पडत नाही.

दुसरे कारण म्हणजे कोणाच्या आकाशातून जायची मुभा आहे. नकाशेवाला यांचा दोरा पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि रशिया यांवरून जातो. २०१९ मध्ये बालाकोटनंतर फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानचे आकाश बंद होते आणि एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले. २०२२ च्या सुरुवातीपासून रशियाचे आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना मिळत नाही, भारतीय कंपन्यांना मिळते. जून २०२५ मध्ये इराणचे आकाशही काही दिवस बंद झाले होते. एकाच गावाहून एकाच गावाला जाणारी दोन कंपन्यांची विमाने म्हणूनच निराळ्या वाटांनी जातात. एक दार बंद झाले की अरबी समुद्रावरून पश्चिमेला बाहेर पडून मग वर वळावे लागते.

तिसरे कारण डोंगर. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को या मार्गाचा दोरा ताणून पाहिलात तर तो काराकोरमच्या रांगांवरून जातो. विमानातला हवेचा दाब अचानक उतरला तर दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे तीन किलोमीटरपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू बहुधा पंधरा-वीस मिनिटेच पुरतो. खाली जमीनच पाच-सहा किलोमीटर उंच असेल तर उतरायचे कुठे? त्यामुळे तिबेट आणि त्याच्या पश्चिमेचे उंच पहाड शक्यतो टाळले जातात. नेवार्कच्या वाटेवर ही अडचण फारशी येत नाही.

आणखी एक सांगायचे म्हणजे, तिकिटावरचे १५:४० हा हवेतला वेळ नव्हे. चाकांखालचे अडथळे काढून विमान मागे ढकलले जाते त्या क्षणापासून पलीकडच्या फाटकाशी ते उभे राहीपर्यंतचा हा काळ आहे. मुंबईत धावपट्टीपर्यंत जायलाच वीस-पंचवीस मिनिटे सहज लागतात, नेवार्कलाही उतरल्यावर दहा-पंधरा. शिवाय हंगामातल्या वाऱ्याचा अंदाज घेऊन थोडी मोकळीक धरलेली असते. म्हणून कधी विमान उशिरा सुटूनही वेळेआधी पोहोचते.

---

सिंहगडपायथा

उड्डाणपत्रक, इतका लांबचा पल्ला गाठायला इंधन किती लागते, तेही सांगाल का?

---

उड्डाणपत्रक

बोइंग ७७७-३००ईआर घेतले तर त्याच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावते, वजनाने साधारण १४५ टन. विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ३५१ टन, म्हणजे टाक्या पूर्ण भरल्या तर चाळीस टक्के इंधनच. तासाला सात-आठ टन जळते. प्रवासापुरते इंधन, त्यावर अनपेक्षित खर्चासाठी राखीव, नेवार्कला उतरता आले नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्यापुरते आणि त्याच्याही वर अर्धा तास घिरट्या घालण्याइतके, असा हिशेब असतो. उलटा वारा फार असेल तर इंधन जास्त घ्यावे लागते आणि त्या बदल्यात माल कमी करावा लागतो.

---

मुळाकाठ

आता पुण्याच्या बाजूने विचार करू, कारण धागाकर्त्यांचे आई-वडील विमानतळावर राहत नाहीत, कोथरूडच्या बाजूला राहत असावेत. रात्री १:३० चे विमान म्हणजे साडेदहाला मुंबई विमानतळावर पोहोचणे आले. चांदणी चौकातून निघून द्रुतगती महामार्ग, घाट, खालापूर, वाशी, चेंबूर असे जाताना संध्याकाळच्या गर्दीत चार तास धरावेत, पाच धरल्यास निर्धास्त. म्हणजे साडेपाचला घर सोडायचे. विमान सुटेपर्यंत आठ तास इथेच गेले. पुढे १५:४०, तिकडे इमिग्रेशन आणि सामान यांचे दीड-दोन तास, मग बहिणीच्या घरापर्यंत. दारापासून दारापर्यंत सव्वीस तासांच्या आसपास होतात आणि त्यांतले जवळपास एक तृतीयांश महाराष्ट्राच्या जमिनीवर.

एक महत्त्वाची सूचना. रात्री १:३० ची तारीख तिकिटावर पुढच्या दिवसाची असते. घरातून मात्र आदल्या संध्याकाळी निघायचे असते. टॅक्सी ठरवताना ही तारीख दोनदा तपासावी. आमच्या सोसायटीत एका कुटुंबाचे विमान एवढ्यावरून चुकले आहे.

घाटाचा त्रास नको असेल तर पुणे–दिल्ली–नेवार्क हा पर्याय विचारात घ्या. पुणे–दिल्ली सुमारे १,१५० किलोमीटर आणि दिल्ली–नेवार्क सुमारे ११,८००. दिल्ली मुंबईपेक्षा नेवार्कला जवळजवळ आठशे किलोमीटर जवळ आहे. एकूण अंतर १२,९५० च होते आणि सामान पुण्यातच, लोहगाव विमानतळावर, देऊन टाकता येते.

---

एडिसनवासी

मुळाकाठ यांच्या दिल्लीच्या पर्यायाशी मी सहमत नाही. पाकिस्तानचे आकाश बंद असले की सर्वाधिक फटका दिल्लीच्याच विमानांना बसतो. २०२५ मध्ये त्यांतल्या काहींना व्हिएन्नाला इंधनासाठी थांबावे लागत होते. मुंबईची विमाने समुद्रावरून बाहेर पडू शकतात. शिवाय दिल्लीत देशांतर्गत उड्डाणातून आंतरराष्ट्रीय उड्डाणात जाताना वयस्कर माणसांची फार चालचाल होते. पुण्याहून गाडीत बसून थेट मुंबई आणि मुंबईहून एका झोपेत नेवार्क, हेच उत्तम. माझे सासू-सासरे नेहमी असेच येतात.

---

वैद्य_बाणेर

मी थोडे वेगळे मत मांडते. सलग पंधरा तास बसणे सत्तरीच्या पुढे सर्वांनाच मानवते असे नाही. पायांतल्या शिरांमध्ये रक्ताची गाठ होण्याचा धोका लांबच्या उड्डाणात वाढतो, विशेषतः ज्यांना पूर्वी असा त्रास झाला आहे, ज्यांची अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्यांचे वजन जास्त आहे त्यांना. अशांनी मध्ये एक थांबा घेतला तर हालचाल होते.

थांब्यामुळे अंतर फार वाढेल ही भीती नको. आत्ताच दोऱ्याची रीत वापरून पाहिली आणि मग संगणकावर ताडली. मुंबई–फ्रँकफर्ट सुमारे ६,५७० आणि फ्रँकफर्ट–नेवार्क सुमारे ६,२१०, बेरीज १२,७८०. थेट वाटेपेक्षा फक्त दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर जास्त. लंडनमार्गेही जवळपास तेवढेच. दुबईमार्गे १२,९५० च्या आसपास. वाढतो तो विमानतळावरचा वेळ, हवेतला नव्हे.

थेट जाणार असाल तर दर तास-दीड तासाने उठून मार्गिकेत चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावे. तुमच्या डॉक्टरांनी सांगितल्यास घट्ट मोजे घालावेत. मधुमेहाची, विशेषतः इन्सुलिनची वेळ घड्याळ बदलल्यावर कशी ठेवायची, हे निघण्यापूर्वी त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्यावे. सर्व औषधे हातातल्या पिशवीत असावीत, सामानात टाकू नयेत.

---

एडिसनवासी

आरोग्याचा मुद्दा मान्य. तरीही परक्या विमानतळावर सूचना न समजल्यामुळे गोंधळलेले आपल्याकडचे आजी-आजोबा मी पाहिले आहेत. ज्यांना इंग्रजी अवघड जाते, त्यांच्यासाठी माझा कौल थेट विमानालाच. चाकाची खुर्ची मात्र तिकिटाबरोबरच मागून घ्यावी.

---

नकाशेवाला

दोन्ही बाजू आपापल्या ठिकाणी योग्य आहेत, प्रकृती पाहून धागाकर्त्यांनी ठरवावे. माझा प्रश्न असा की, पुण्याहूनच थेट विमान का नाही?

---

उड्डाणपत्रक

लोहगावची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटर आहे, मुंबईची मोठी धावपट्टी ३,४५० मीटरच्या जवळपास. शिवाय लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९० मीटर उंच आहे. उंची आणि उष्णता यांमुळे हवा विरळ होते, इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटतात आणि धावायला अधिक लांबी लागते. शंभर टनांहून जास्त इंधन भरलेले विमान तिथून पूर्ण प्रवासी घेऊन उडवणे व्यवहार्य नाही. मूळ तळ हवाई दलाचा असल्यामुळे वेळांवरही मर्यादा येतात. पुरंदरचा विमानतळ झाला तर चित्र बदलेल, आणि तो लवकर व्हावा असे मला मनापासून वाटते. एवढ्या मोठ्या शहराने परदेशी जाण्यासाठी कायम घाट उतरावा, हे योग्य नाही.

---

सिंहगडपायथा

पुरंदरबद्दल शंभर टक्के सहमत. मात्र ज्यांच्या जमिनी जाणार आहेत त्यांना पूर्ण न्याय मिळूनच तो व्हावा.

---

कर्वेरस्ता (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांनी सगळे प्रतिसाद छापून घेतले आणि पेन्सिलीने खुणा करत वाचले. गोलार्ध यांचे ताशी पन्नास किलोमीटर वाऱ्याचे गणित त्यांनी स्वतः करून पाहिले आणि ते जुळले. नकाशेवाला यांनी सांगितलेला मार्ग त्यांनी अंश-कलांसह वहीत उतरवला आहे. आईला गुडघ्याखेरीज काही त्रास नाही आणि तिला इंग्रजीचा संकोच वाटतो, म्हणून थेट विमानच कायम ठेवत आहोत. चाकाची खुर्ची आजच मागितली.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून आलेले नाही. परतीचे विमान ६ मार्चचे आहे. दुपारी १२ ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३० म्हणजे घड्याळाचे २४ तास ३० मिनिटे. त्यातून साडेनऊ वजा केले की १५ येतात आणि तिकिटावर १४ आहेत.

---

एडिसनवासी

तिकीट बरोबर आहे. अमेरिकेत घड्याळे वर्षातून दोनदा बदलतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे येतात. भारतात एकच प्रमाणवेळ बारा महिने चालते. त्यामुळे ऑक्टोबरच्या अखेरीस, घड्याळे मागे येण्याआधी, आपला फरक साडेनऊ तासांचा आहे आणि जातानाचे १५:४० बरोबर निघतात. ६ मार्च मात्र दुसऱ्या रविवारच्या आधी येतो, कारण दुसरा रविवार ८ तारखेच्या आधी कधीच पडत नाही. त्या दिवशी फरक साडेदहा तासांचा असेल. साडेचोवीसमधून साडेदहा गेले, राहिले १४.

परतीची तारीख पुढे ढकलून मार्चच्या मध्यावर नेलीत, तर नेवार्कहून दुपारी १२ ला निघालेले तेच विमान मुंबईत १२:३० ऐवजी ११:३० ला उतरेल. पुण्याहून न्यायला येणाऱ्या गाडीची वेळ तेवढी बदलून घ्या.